घोडीवरचा करवला आणि कॅमेरा

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात छायाचित्रांचे एक छोटेसे प्रदर्शन भरले होते, हे आपणांस आठवत असेल. त्यात मी काढलेला एक फोटो होता. पांढऱ्या घोडीवर बसलेला पाचेक वर्षांचा करवला, त्याच्या डोक्याहून मोठा त्याचा फेटा आणि घोडीने त्याच्याकडे वळवलेला एक कान, एवढाच विषय. फोटोपुढे बरीच मंडळी थांबली. आमच्या एका सरांनीही तो सावकाश पाहिला आणि म्हणाले, "फोटो चांगलाच आहे. पण डाव्या कोपऱ्यात हा कुणाचा हात आला आहे बघ. तेवढा कापला असतास, तर चौकट स्वच्छ झाली असती."

सरांचे म्हणणे छायाचित्रणाच्या पुस्तकांना धरूनच होते. मी नुसते "हो सर" म्हटले. तो हात माझ्या वडिलांचा आहे, हे काही माझ्या तोंडून निघाले नाही. लाज वाटली असे नव्हे, असे मी नंतर मैत्रिणींना सांगितले. पण खरे सांगायचे तर थोडी वाटलीच होती. आणि तो हात मी का ठेवला, हे एका वाक्यात सांगता येण्यासारखेही नव्हते. ते या लेखात सांगावे असा विचार आहे. त्यासाठी लहान मुलांचे घोड्यासोबत फोटो काढतात कसे, हे आधी सांगावे लागेल. या विषयावर मराठीत लिहिलेले माझ्या वाचनात काही आले नाही, त्यामुळे जे सांगते ते बहुतेक आमच्या अण्णांकडून, थोडे स्टुडिओतून आणि उरलेले चुकांतून शिकलेले आहे.

आमचे गाव अंबड तालुक्यात. दीड एकर कोरडवाहू आणि एक घोडी, एवढी आमची इस्टेट. अण्णा चौथी शिकलेले. लग्नसराईत ते घोडी घेऊन अंबड, घनसावंगी, बदनापूर, कधी पार भोकरदनपर्यंत जातात. आपल्या मराठवाड्यात लग्न लागण्यापूर्वी नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो. या मिरवणुकीला आपण परण्या म्हणतो. शहरातल्या काही प्राध्यापक मंडळींना हा शब्द कदाचित नवा असेल, म्हणून सांगितले. पुढे बँड किंवा हल्ली डीजे, मागे बायाबापड्या, मध्ये घोडी. घोडीवर नवरदेवाच्या सोबत बसवतात तो करवला. बहुधा नवरदेवाचा भाचा नाहीतर पुतण्या. आता पुष्कळ ठिकाणी नवरदेवाला फुलांनी सजवलेली मोटार लागते, तरी मारुतीपुरती घोडी लागतेच. नवरदेव उतरून देवळात गेला की घोडी दहा मिनिटे मोकळी असते. तेवढ्यात सगळ्या पाहुण्यांची लेकरे "मला बी बसायचंय" म्हणून गलका करतात आणि आया फोटोग्राफरला हाका मारतात. आपल्या जिल्ह्यात मुलांचे घोड्यासोबत जे फोटो निघतात, त्यांतले बरेचसे या दहा मिनिटांतले असावेत असा माझा अंदाज आहे. उरलेले १९ फेब्रुवारीचे. शिवजयंतीच्या मिरवणुकीत कोणी बालशिवाजी होते, कोणी जिजाऊ. त्या दिवशी जालन्यात घोडी मिळवायची तर आठवडाभर आधी सांगून ठेवावे लागते.

बारावीच्या सुट्टीत मी एका स्टुडिओत कामाला लागले. काम होते अल्बम लावण्याचे. म्हणजे कॅमेऱ्यातले फोटो संगणकावर घ्यायचे, निवडायचे आणि कडा कापून पानावर बसवायचे. पहिल्याच दिवशी मला नियम सांगण्यात आला : बँडवाले, डोक्यावर बत्त्या धरणाऱ्या बाया आणि घोडीवाला, एवढे दिसले की कापायचे, पाहुण्यांना ते नको असतात. नियम वाईट हेतूने केलेला नव्हता. पैसे देणारी माणसे मोठी दिसावीत, एवढाच त्याचा अर्थ. मी कापू लागले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका अल्बमात ओळखीची घोडी दिसली, तिच्या कपाळावर आईने शिवलेली मण्यांची पट्टी होती. म्हणजे शेजारी अण्णा असणार. होतेच. त्या सुट्टीत मी अण्णांना नऊ वेळा कापले. घरी सांगितले नाही.

कापता कापताच एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. ज्या फोटोंत अण्णा घोडीच्या तोंडाजवळ उभे असत, त्या फोटोंत लेकरू हसत असे आणि घोडीचे कान उभे असत. जिथे फोटोग्राफरने त्यांना दूर उभे केलेले असे, तिथे लेकराचा चेहरा रडवेला, घोडीची मान वर आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसणारा. म्हणजे फोटो चांगला यायला जो माणूस लागतो, तोच फोटोतून काढायचा, असा हा उलटा व्यवहार होता. तेव्हापासून मी अण्णांना घोडीविषयी विचारू लागले. एकोणीस वर्षे एका घरात राहून मी ते आधी कधी विचारले नव्हते.

अण्णांचा पहिला पाठ नजरेचा. "घोडीला नाकापुढचं दिसत नाही, पर पाठीमागलं कळतं," असे ते म्हणाले. मला ते कोड्यासारखे वाटले; पुढे वाचले तेव्हा कळले की अगदी बरोबर आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने मान न हलवता त्याला भोवतालचे जवळजवळ सगळे, म्हणजे ३६० अंशांतले सुमारे ३५० अंश दिसते. न दिसणाऱ्या जागा दोनच : शेपटीच्या सरळ मागे आणि कपाळाच्या अगदी समोर. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, या म्हणीतला साहेबाचा भाग बाजूला ठेवला तरी घोड्याचा भाग शास्त्राला धरून आहे. आता आपण काय करतो? लेकराला कडेवर घेऊन थेट घोडीच्या तोंडासमोर नेतो आणि "कपाळाला हात लाव" म्हणतो. तिच्या दृष्टीने एक हात एकाएकी शून्यातून येतो. ती मान झटकते, लेकरू किंचाळते, आणि त्यानंतर दिवसभर त्या लेकराचा चांगला फोटो येत नाही.

म्हणून लेकराला डाव्या खांद्याकडून, थोडे तिरके न्यावे. डावीकडून अशासाठी, की खोगीर घालणे, लगाम चढवणे, वर बसणे ही सगळी कामे डावीकडून करण्याचा प्रघात आहे आणि जनावराला तीच बाजू सवयीची असते. नेताना मोठ्या माणसाने बोलत राहावे. काय बोलता याला महत्त्व नाही. लेकराचा पहिला स्पर्श मानेला किंवा खांद्याला व्हावा. खाऊ द्यायचा असेल तर तळहात सपाट ठेवून त्यावर गुळाचा खडा. घोडीला ओठाखालची वस्तू दिसत नाही, ती ओठांनी आणि नाकाजवळच्या केसांनी चाचपून घेते; चिमटीत धरलेला गूळ आणि बोट यांतला फरक तिने कसा ओळखावा?

दुसरा पाठ कानांचा. माणसाच्या फोटोत जसे डोळे, तसे घोड्याच्या फोटोत कान. दोन्ही कान पुढे असले की तिचे लक्ष समोर आहे. कान डोक्याला चपटून मागे गेले की राग आला. अशा वेळी फोटो सोडून आधी लेकराला दूर करावे. पण एकच कान सहज मागे वळलेला असेल तर तो राग नव्हे. पाठीवर कोण बसले आहे, ते काय म्हणते आहे, हे ती ऐकत असते. प्रदर्शनातल्या फोटोत होता तो हाच कान. आणि मागचा एक पाय टेकवून, खुराचे टोक तेवढे जमिनीला लावून उभी असेल तर ती निवांत आहे असे समजावे.

कान पुढे आणायची युक्ती सोपी आहे. माझ्या मागे कोणीतरी उभे राहून डब्यात मूठभर हरभरे खुळखुळवायचे. चंदीचा आवाज ऐकून घोडी कान टवकारते. ही युक्ती एका ठिकाणी दोनदाच चालते. तिसऱ्या वेळी घोडी फसत नाही, आणि फसवले म्हणून रुसते सुद्धा.

आता लेकराविषयी. लेकराला घोडीवर ठेवले की आपण खालून ओरडतो, "हस, हस!" जमिनीपासून पाच फुटांवर, श्वासाबरोबर हलणाऱ्या पाठीवर बसलेल्या जिवाला हसू कसे येईल? भ्यालेले लेकरू पाय आवळते. आणि घोडीला पायाने दाबणे याचा अर्थ 'चल' असा होतो. लेकरू भीतीने आवळते, घोडी इशारा समजून चालू लागते, तशी भीती आणखी वाढते. यात दोघांचाही दोष नसतो. अण्णा अशा वेळी लेकराला म्हणतात, "पाय भिजल्या वाळवणावानी सोड." लेकरू हे ऐकून बहुधा हसते, आणि मला फोटो मिळतो. त्याआधी शक्य असेल तर दोन मिनिटे लेकराच्या हातात खरारा द्यावा. मानेवरून तो फिरवताना लेकराचे लक्ष कॅमेऱ्यावर नसते, आणि माझ्या मते तेच फोटो सर्वांत चांगले येतात. घोडीचे नाव सांगावे. आमच्या घोडीचे नाव राणी आहे. लेकरे ते ऐकून तिच्याशी परस्पर बोलू लागतात.

काही गोष्टी अण्णा कोणाच्याही आग्रहाला न जुमानता होऊ देत नाहीत. लगाम लेकराच्या मनगटाला गुंडाळू देत नाहीत. पोटाखालून जाऊ देत नाहीत. आणि लेकराचा पाय रिकिबीत घालू देत नाहीत. फोटोत पाय लोंबता बरा दिसत नाही म्हणून फोटोग्राफर तो रिकिबीच्या वरच्या चामडी पट्ट्यात अडकवायला सांगतात. अडकलेला पाय म्हणजे पडल्यावर फरफट. लोंबता पाय वाईट दिसत असेल, पण तो सुटा असतो.

आता कॅमेऱ्याकडे येते. आमची राणी खांद्याला पाच फुटांच्या आसपास भरते आणि पाच वर्षांचे लेकरू साडेतीन फुटांचे. दोघांना शेजारी उभे केले तर लेकराचे डोके तिच्या छातीपाशी येते. नेहमीप्रमाणे उभे राहून फोटो घेतला, तर घोडी आणखी थोराड आणि लेकरू आणखी खुजे होते. गुडघे टेकून कॅमेरा लेकराच्या डोळ्यांच्या उंचीला आणावा. लग्नात साडी नेसून मातीत गुडघे टेकावे लागतात, पण त्याला इलाज नाही. मग सगळी घोडी चौकटीत बसवण्याचा हट्ट सोडावा. तिचे खाली आलेले तोंड आणि लेकराचा चेहरा एवढे पुरते. चार पाय आणि शेपूट ही बाजारात जनावर विकायला नेताना मोजायची गोष्ट आहे.

मोबाईलने काढणाऱ्यांची एक चूक हमखास होते. मोबाईलचे भिंग साधारणतः रुंद कोनाचे असते, त्यामुळे जवळची वस्तू फार मोठी दिसते. घोडीचे तोंड आधीच हातभर पुढे आलेले. जवळून काढले तर भोपळ्याएवढे डोके आणि मागे शेळीएवढे धड असा प्राणी तयार होतो. दहा-बारा पावले मागे जावे आणि लांबचे भिंग वापरावे, किंवा मोबाईलवर दुसरे, लांबचे भिंग असेल तर ते निवडावे. दूर गेल्याने दुसराही फायदा होतो. लेकरू आपल्याला विसरते.

उन्हाचे गणित वेगळेच. पांढऱ्या जनावराला बाजारात नुकरा म्हणतात आणि परण्याला लोकांना नुकरी घोडीच हवी असते. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक सगळे जग मध्यम करडे आहे असे गृहीत धरून चालतो. चौकटीत पांढरीशुभ्र घोडी भरली की तो उजेड कमी करतो आणि घोडी मळकी, लेकराचा चेहरा काळवंडलेला येतो. अशा वेळी थोडा जास्त प्रकाश द्यावा लागतो. काळ्या जनावराच्या बाबतीत नेमके उलट. भर दुपारी मात्र कितीही हिशेब केला तरी पांढरी पाठ जळते आणि फेट्याखालच्या चेहऱ्यावर काळी सावली पडते. मग घोडी लिंबाखाली किंवा देवळाच्या सावलीच्या बाजूला घ्यावी. सकाळचा कोवळा उजेड आणि सूर्य मावळण्याआधीचा तास हा सर्वांत उत्तम. संध्याकाळचे परण्ये त्या दृष्टीने माझ्या आवडीचे. शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाहून सावकाश ठेवू नये. घोडी उभी असली तरी तिचे कान, कातडी आणि लेकराचे हात सतत हलत असतात.

हे हलणे फोटोग्राफरांना फार जुन्या काळापासून छळत आले आहे. एकोणिसाव्या शतकात काचेच्या पाट्यांवर फोटो निघत आणि समोरच्याने काही सेकंद स्तब्ध राहावे लागे. लहान मुले आणि घोडे यांना हे कोण समजावणार? १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे मांडून भरधाव घोड्याचे फोटो घेतले, तेव्हा कुठे डोळ्याला न दिसणारी गोष्ट कळली. धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात, पण ते चित्रकार दाखवत तसे पुढेमागे ताणलेले नसून पोटाखाली गोळा झालेले असतात. शेकडो वर्षे घोड्यांसोबत राहूनही माणसाने ते चुकीचेच रंगवले होते.

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात सहाव्या निजामाचे छायाचित्रकार म्हणून राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांचे नाव गाजले. त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादला खास स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला, असे वाचले तेव्हा मला गंमत वाटली. आजही परण्याच्या वेळी बाया मला घरात बोलावतात आणि करवल्याला फेटा बांधतानाचे फोटो काढून घेतात; तिथे स्टुडिओतल्या मुलांना प्रवेश नसतो. एवढ्या बाबतीत तरी मुलगी असण्याचा फायदा झाला.

आणखी एक जुनी गोष्ट, जी आपल्याच जिल्ह्यातली आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे मराठे आणि इंग्रज यांची लढाई झाली. त्या दिवशी जनरल वेलस्लीचा एक घोडा गोळी लागून पडला आणि दुसऱ्याला भाला लागला. दुसऱ्याचे नाव डायोमेड होते, हे सुद्धा इतिहासात नोंदलेले आहे. त्या डायोमेडला सकाळी चंदी कोणी दिली, पाणी कोणी पाजले, त्या मोतद्दाराचे नाव मला वाचायला मिळालेल्या पुस्तकांत आढळले नाही.

तीन वर्षांपूर्वी एका गावी जे झाले, ते लिहू की नको असा विचार करत होते. लिहितेच. परण्या मारुतीपाशी पोहोचला होता, दिवस मावळला होता. नवरदेव देवळात गेला आणि करवला एकटाच घोडीवर राहिला. फोटोग्राफरने अण्णांना सांगितले, "तुम्ही बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय." अण्णा म्हणाले, "लेकरू वर हाय, साहेब." मंडळींपैकी एक-दोघे चढ्या आवाजात बोलले, तेव्हा अण्णा हातभर सरकले, पण लगाम सोडला नाही. फ्लॅश पडला, आणि त्याच क्षणी मागे कोणीतरी फटाक्यांची लड लावली. घोड्याला अंधारात माणसापेक्षा चांगले दिसते. पण अंधारातून एकदम उजेडात आले, किंवा उलट झाले, तर त्याची नजर सावरायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे फ्लॅशने ती काही क्षण आंधळी झाली आणि पाठीमागे स्फोट झाले. राणी आडवी उडाली. लेकरू खोगिरावरून निसटले. अण्णांनी एका हाताने लगाम ओढून धरला आणि दुसऱ्या हाताने लेकराला अंगावर घेतले. लेकराला खरचटलेसुद्धा नाही. अण्णांचे मनगट मोडले.

त्यानंतर "घोडी खोडील आहे" असे ठरले आणि ठरलेल्या रकमेतली निम्मी मिळाली. उरलेली लग्नसराई घोडी दावणीला आणि अण्णांचा हात गळ्यात. तो फ्लॅशचा फोटो मी नंतर पाहिला. फार सुंदर आहे. करवला ताठ बसला आहे, फेट्याचा तुरा चमकतो आहे, पांढरी घोडी काळ्या आकाशापुढे उठून दिसते आहे, आणि लगाम चौकटीच्या कडेपर्यंत येऊन संपतो. पाहणाऱ्याला वाटावे, हे एवढेसे लेकरू एकट्याने घोडी सांभाळते आहे.

माझा सगळा मुद्दा इथे आहे. चौकटीतून कापलेला माणूस पाहणाऱ्यांच्या डोक्यातूनही कापला जातो. असे फोटो अल्बमात, मोबाईलवर, चौकातल्या फलकांवर लोक रोज पाहतात, आणि मग शिवजयंतीला बाप आपल्या चार वर्षांच्या मुलीला घोड्यावर ठेवून म्हणतो, "लगाम तिच्या हातात द्या, तुम्ही लांब उभे राहा, फोटोत कोणी धरलेलं नसतं." गेल्या फेब्रुवारीत हे वाक्य मी स्वतः ऐकले. त्याने ते फोटोंतच पाहिलेले होते. ते फोटो कापणाऱ्यांत मीही होते.

म्हणून आता मी हात ठेवते. पाहुण्यांना माणूस नको असेल तर निदान कोपरापर्यंतचा हात. स्टुडिओच्या मालकांना पटवायला दोन महिने लागले. नीतीचे बोलून उपयोग नव्हता. मी त्यांच्यापुढे दोन फोटो ठेवले, एक अण्णा जवळ असतानाचा आणि एक दूर असतानाचा, आणि फक्त घोडीचे कान पाहा म्हटले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हात राहू दे. पण बनियन दिसता कामा नये." तेव्हापासून अण्णा परण्याला पांढरा सदरा घालून जातात.

मार्गशीर्षात मी अण्णांबरोबर नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला गेले होते. तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अबलख, कुमेत, पंचकल्याणी असे शब्द घरात ऐकले होते, ते तिथे चालताना दिसले. मारवाडी घोड्यांचे कान आत वळून टोकाला टोक भिडते. समोरून फोटो घेतला तर कपाळावर कमान उभारल्यासारखी दिसते. पण मी तिथे जास्त करून पाहिली ती घोडेवाल्यांची लेकरे. चार-पाच वर्षांची, बिनखोगिराच्या पाठीवर पालथी निजलेली, घोड्याच्या पुढ्यातच भाकरी खाणारी. त्यांना ना फेटा, ना "हस" म्हणणारे कोणी. घोडे त्यांच्यासाठी कान सुद्धा हलवत नव्हते, इतके ओळखीचे. मी काही फोटो काढले. एका बाईने विचारले, "याचे किती पैसे?" मी म्हटले, "काही नाही, मावशी." तिला ते खरे वाटले नाही आणि तिने लेकराला आत नेले. तिचेही बरोबर होते.

घरी येताना लक्षात आले की आमच्या घरात घोडीसोबत कोणाचाच फोटो नाही. माझा लहानपणीचा नाही, अण्णांचा तर नाहीच. घोडी कमाईची, तिच्यावर लेकरे बसवून हौस करायची पद्धत आमच्यात नव्हती.

या आषाढात लग्ने संपल्यावर एका सकाळी मी राणीला घरामागे आणले. धाकट्या काकांचा सहा वर्षांचा मुलगा वर बसवला. अण्णांनी लगाम धरला. ढग दाटलेले होते, त्यामुळे सावल्या मऊ होत्या आणि पांढरी पाठ जळण्याची भीती नव्हती. मी गुडघे टेकून कॅमेरा डोळ्याला लावला, आणि मी काही बोलण्याच्या आत अण्णा एक पाऊल मागे सरकले, तोंड दुसरीकडे फिरवले आणि चौकटीत हात तेवढा ठेवला. इतकी वर्षे सगळ्यांनी सांगितले, ते आता अंगात भिनले होते.

"अण्णा, जवळ या."

"मी कशाला? लेकराचा काढ."

"तुम्ही सरकलात की राणी तुमच्याकडं पाहते. फोटो बिघडतो."

हे खोटे नव्हते. अण्णा आत आले. मी बारा फोटो घेतले. काहींत लेकराचे डोळे मिटलेले, काहींत राणीने मान खाली घातलेली. एकात सगळे जुळले आहे : राणीचे कान पुढे आहेत, लेकरू तिच्या आयाळीत बोटे घालून काहीतरी सांगते आहे, आणि अण्णा पूर्ण दिसतात. त्यांची नजर कॅमेऱ्याकडे नाही. लेकराचा पाय चुकून रिकिबीच्या पट्ट्यात तर गेला नाही ना, ते पाहत आहेत.

यंदाच्या प्रदर्शनासाठी तो मोठा करून घेतला आहे. कडा कुठेही कापलेल्या नाहीत.